बोळिंजच्या जुन्या घरांतले काँक्रीट : झीज, तपासणी आणि दुरुस्ती

बोळिंज आणि भोवतालच्या विरार पश्चिमेतल्या घरांचे काँक्रीट ढोबळमानाने तीन पिढ्यांचे आहे. पहिली पिढी वाड्यांतल्या बैठ्या घरांची. विटांच्या जाड भिंतींवर एके काळी कौले होती, ती उतरवून पुढे स्लॅब पडला. दुसरी पिढी १९८० नंतर उभ्या राहिलेल्या, तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या सोसायट्यांची. तिसरी टॉवरांची, म्हाडाच्या कोकण मंडळाची विरार-बोळिंज वसाहत हे तिचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. दुरुस्तीचा प्रश्न आज मुख्यतः दुसऱ्या पिढीचा आहे. या इमारती तिशी ओलांडत आहेत. परांची बांधून, प्लास्टर करून, रंग देऊन झाल्यावरही दोन-तीन पावसाळ्यांत छताचे पोपडे पुन्हा पडू लागतात. दोष दर वेळी ‘केमिकल’ला दिला जातो. बहुतेक ठिकाणी खरे कारण वेगळे असते: काँक्रीटच्या आत काय बिघडले आहे हे न तपासताच बाहेरून काम सुरू झालेले असते.

ही घरे कशी बांधली गेली हे आधी पाहावे लागते. १९८२ च्या फेब्रुवारीपर्यंत सिमेंट पूर्णपणे सरकारी नियंत्रणाखाली होते. त्या महिन्यात नियंत्रण अंशतः उठले आणि १ मार्च १९८९ ला पूर्ण गेले. सिमेंट किती दुर्मिळ होते याची कल्पना यावरून यावी, की त्याच्या वाटपाच्या प्रकरणातून जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अ. र. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. १९९० मध्ये वसई-विरार पट्ट्यासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आणि बांधकामांना वेग आला. त्या काळी लागू असलेल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत घरगुती आरसीसीसाठी एम-१५ दर्जाचे, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी अशा मिश्रणाचे काँक्रीट चालत असे. सळईवरचे आवरण, ज्याला साइटवर ‘कव्हर’ म्हणतात, स्लॅबला १५ मि.मी., बीमला २५ मि.मी. आणि कॉलमला साधारणपणे ४० मि.मी. पुरे मानले जाई. तेही कागदावर. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सळईखाली सरकवण्याची पद्धत होती, आणि मजूर चालताना सळई त्यावरून घसरली की ती थेट सेंट्रिंगच्या फळीला टेकत असे. आज स्लॅबच्या खालच्या बाजूला सळयांची जाळी रेषारेषांनी उमटलेली दिसते, ती अशा जागी.

सळई बहुतेक ‘टोर’ असे, म्हणजे थंड अवस्थेत पीळ देऊन ताकद वाढवलेली. पीळ दिल्याने पोलादात ताण अडकून राहतो, त्यामुळे ती गंजाला लवकर बळी पडते; नंतर आलेल्या टीएमटी सळईने तिची जागा घेतली. सिमेंटही बदलत होते. १९८७ मध्ये ५३ ग्रेडसाठी मानक आले. लवकर ताकद देणारे सिमेंट मिळाल्यावर गोण्या कमी घालूनही सेंट्रिंग वेळेवर काढता येऊ लागले, आणि पाणी मारायचे दिवसही आपसूक कमी झाले. क्यूब दाबून केलेली ताकदीची चाचणी पास होत होती. पण कमी सिमेंटचा, जास्त पाण्याचा आणि नीट क्युरिंग न झालेला माल सच्छिद्र राहतो, हे क्यूबच्या आकड्यात दिसत नाही.

उरली वाळू आणि पाणी. बोळिंजच्या बाबतीत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी, आणि दोन्हीकडून येणारी रेती हा इथल्या बांधकामाचा अनेक वर्षांचा आधार. खाडीची रेती गोड्या पाण्याने धुवायची असते. ज्या भागात प्यायचे पाणी टँकरने येते तिथे रेती धुवायला पाणी कुठून आणणार, हा प्रश्न ठेकेदाराने स्वतःपुरता सोडवलेला असे. एका घनमीटर काँक्रीटमध्ये सुमारे ७०० किलो वाळू लागते. ती समुद्राच्या निम्म्या खारटपणाच्या पाण्याने पाच टक्के ओली असेल, तर तिच्यातून साधारण ०.३५ किलो क्लोराइड आत जाते. मालात घातलेले १८० लिटर पाणी मचूळ विहिरीचे असेल आणि त्यात दर लिटरला २,००० मि.ग्रॅ. क्लोराइड असेल, तर आणखी ०.३६ किलो. दोन्ही मिळून ०.७१ किलो होते, आणि आयएस ४५६ ची आरसीसीसाठीची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. आरसीसीसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त नसावे, असेही तेच मानक सांगते. म्हणजे इमारत उभी राहिली त्या दिवशीच तिच्या पोटात मर्यादेबाहेर मीठ असू शकते.

किनाऱ्यावरच्या घरांविषयी बोलताना सारा दोष खाऱ्या वाऱ्याला देण्याची सवय आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यालगत तो योग्यही आहे. पण वाऱ्यातून येणारे मीठ किनाऱ्यापासून पहिल्या एखाद-दोन किलोमीटरमध्येच झपाट्याने कमी होते, आणि बोळिंज आगाशीच्याही अलीकडे, आतल्या बाजूला आहे. इथल्या जुन्या इमारतींत मीठ सापडले तर ते रेतीतून किंवा पाण्यातून आले असण्याचा संशय आधी घ्यावा. हा फरक केवळ माहितीपुरता नाही. बाहेरून येणारे मीठ रंगाने किंवा लेपाने अडवता येते, आतले नाही.

काँक्रीटमधली सळई सुरक्षित राहते ती त्याच्या अल्कधर्मामुळे. ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या वर असतो आणि त्या वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ संरक्षक थर टिकतो. तो दोन प्रकारे मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून पीएच नऊच्या आसपास आणतो, हे कार्बोनेशन. किंवा क्लोराइड पुरेशा प्रमाणात साठले की ते हा थर ठिकठिकाणी फोडते, मग पीएच कितीही चांगला असो. थर मोडल्यावर पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दोन ते सहा पट असल्याने कव्हर आतून फुटून निघते. पोपडे पडतात ते यामुळे. प्लास्टर ‘कच्चे’ निघाल्यामुळे नव्हे.

कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या सुमार काँक्रीटमध्ये नऊ वर्षांत ते १२ मि.मी. शिरले असेल, तर १५ मि.मी. कव्हरच्या स्लॅबमध्ये चौदाव्या वर्षी सळईला भिडेल आणि २५ मि.मी. कव्हरच्या बीममध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी. एक सेंटिमीटर जादा कव्हरने पंचवीस वर्षे मिळतात, तीही जवळजवळ फुकट. आयएस ४५६ च्या २००० च्या आवृत्तीने समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटसाठी किमान एम-३० दर्जा आणि ४५ मि.मी. कव्हर सांगितले, त्यामागे हेच गणित आहे.

इथले हवामान दोन्ही प्रक्रियांना पोषक आहे. पावसाळ्यात दोन हजार मि.मी.हून अधिक पाऊस, आणि त्यानंतर सात-आठ कोरडे महिने. कोरड्या दिवसांत कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, ओल्या दिवसांत गंजाला पाणी मिळते. भिजणे आणि वाळणे आलटून पालटून चालू राहिले की मीठही आत आत ओढले जाते.

थंड प्रदेशांतल्या शहरांशी तुलना केली तर एक गंमत दिसते. टोरांटो किंवा शिकागोमध्ये, जिथे मराठी कुटुंबांनीही जुनी घरे घेतली आहेत, काँक्रीटचा पहिला शत्रू गोठणारे पाणी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि छिद्रांच्या भिंती फोडते. म्हणून तिथल्या मालात मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे ठेवतात आणि टोरांटोत घराचा पाया गोठणरेषेखाली, म्हणजे सुमारे १.२ मीटर खोल नेतात. जिने, गॅरेजची फरशी, तळघराच्या भिंती हे त्यांचे दुरुस्तीचे विषय. बोळिंजला यातले काही लागू नाही. पण दुसरा शत्रू मात्र सामाईक आहे. तिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्यांच्या चाकांबरोबर ते गॅरेजमध्ये येते. पूर्वी तर थंडीत माल लवकर आवळावा म्हणून कॅल्शियम क्लोराइड थेट काँक्रीटमध्येच घालत. त्या चुकीची फळे तिथल्या जुन्या इमारतींनी भोगली. म्हणूनच परदेशातल्या दुरुस्तीच्या पुस्तकांतला गोठण्याचा भाग सोडून द्यावा, पण क्लोराइडचा भाग इथे जसाच्या तसा उपयोगी पडतो.

झीज सगळीकडे सारखी नसते. सर्वांत आधी जातो संडास-न्हाणीघराचा खाली बसवलेला स्लॅब, म्हणजे संक स्लॅब. त्यातल्या भरावात वर्षानुवर्षे पाणी मुरलेले असते आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला डाग पडेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. त्यानंतर खिडक्यांवरचे छज्जे, गच्चीचा कठडा, बाहेरच्या अंगाचे कॉलम जिथे सांडपाण्याचे पाइप त्यांना चिकटून खाली येतात ती जागा, आणि पाण्याच्या टाकीचा तळ. तळमजल्याच्या कॉलमचा जोत्याजवळचा भाग वेगळा पाहावा लागतो. विरार-वसईत पाणी तुंबणे नवे नाही. जुलै २०१८ च्या पुरानंतर तर आयआयटी मुंबई आणि नीरी यांच्याकडे कारणांचा अभ्यास सोपवावा लागला. भरावाने रस्ते उंच झाले आणि जुनी जोती खाली गेली, की कॉलमचा तो पट्टा दर पावसाळ्यात भिजतो. सर्व भार तिथूनच जात असल्याने छतातल्या दहा पोपड्यांपेक्षा कॉलममधली एक उभी चीर जास्त गंभीर मानावी.

रहिवाशांनी वाढवलेला भार हा दुसरा, कमी बोलला जाणारा घटक. घराच्या खोल्यांचा स्लॅब माणसे आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला २०० किलो धरून आखतात. जुन्या लादीवर पाच सेंटिमीटर माल टाकून नवी फरशी बसवली की त्यातले १२५ किलो कायमचे खर्च होतात. गच्चीवर गळती थांबवण्यासाठी घातलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा १२ सेंटिमीटर जाड असेल तर चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरतो. पहिला कोबा न काढता त्यावर दुसरा घालणे ही गळतीवरची लोकप्रिय तोड आहे आणि इमारतीच्या दृष्टीने सर्वांत वाईट. त्यात हजार लिटरची एकेक टाकी म्हणजे एक टन. बाल्कनी बंद करणे, बीम तासून एसीचा पाइप नेणे, हे वेगळेच.

तपासणीला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची पाहणी महापालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये स्थापन झाल्यापासून हे बोळिंजला लागू होते. सहकारी संस्थांचे आदर्श उपविधी आणखी आधी जागे होतात: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट.

ऑडिट म्हणजे फोटोंची फाईल नव्हे. लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा शोधणे ही पहिली पायरी, आणि अनुभवी हातात ती फार काही सांगून जाते. त्यानंतर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी. या दोन्हींसाठी १९९२ च्या आयएस १३३११ ने निकष दिले होते: ध्वनीचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली असेल तर शंकास्पद. हॅमरच्या आकड्यावर मात्र जपून विश्वास ठेवावा. कार्बोनेशनने पृष्ठभाग कठीण होतो, त्यामुळे जुन्या काँक्रीटवर हॅमर जास्त ताकद दाखवतो. म्हणजे आजार जितका पुढे गेलेला, तितका अहवाल बरा. कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून तो दाबून पाहणे हाच खात्रीचा उपाय. कार्बोनेशनची खोली फिनॉल्फ्थॅलीनच्या फवाऱ्याने मिनिटात कळते: शाबूत भाग गुलाबी होतो, बाधित भागाला रंग येत नाही. हाफ-सेल चाचणीत तांबे-सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचा आकडा दाखवला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्के धरतात. या सर्वांपैकी स्वस्तात उरकायच्या ऑडिटमधून अनेकदा गळते ती क्लोराइडची चाचणी. वेगवेगळ्या खोलींवर भोके पाडून पूड जमवायची आणि प्रयोगशाळेत द्यायची, एवढेच तिचे काम. खाडीच्या रेतीच्या पट्ट्यात दुरुस्तीची सारी दिशा याच चाचणीवर ठरते, तेव्हा ती वगळलेले ऑडिट अपुरे समजावे.

अहवालाअंती इमारत चार वर्गांपैकी एकात बसते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे आणि त्यातली प्रत्येक पायरी टाळण्याचा मोह होतो. आधी टेकू. भार उतरवल्याशिवाय बीम किंवा कॉलम फोडणे धोक्याचे, आणि टेकू फक्त त्या मजल्यावर देऊन भागत नाही. तो खालच्या मजल्यांतून जमिनीपर्यंत न्यावा लागतो. मग सैल काँक्रीट काढणे. सळईच्या पुढचेच नव्हे, मागचेही. तिच्याभोवती बोट फिरेल इतकी जागा मोकळी झाली पाहिजे. गंज ब्रशने घासून काढल्यावर सळईचा व्यास मोजायचा. दहा मि.मी.ची सळई आठची झाली असेल तर दिसायला कमी वाटते, पण तिचे ३६ टक्के पोलाद गेलेले असते आणि शेजारी नवी सळई जोडल्याशिवाय गत्यंतर नसते. त्यानंतर गंजरोधक लेप, जुन्या-नव्या काँक्रीटला जोडणारा बाँडिंग कोट आणि तो ओलसर असतानाच पॉलिमर मॉर्टर. हे मॉर्टर पातळ थरांनी चढवायचे असते. पाच सेंटिमीटरपेक्षा खोल खड्डा असेल तर साचा बांधून मायक्रो-काँक्रीट ओतणे बरे. कॉलमची ताकदच कमी पडत असेल तर जॅकेटिंग, म्हणजे चहूबाजूंनी नव्या सळया आणि काँक्रीट. आयएस १५९८८ त्यासाठी किमान १०० मि.मी. जाडी सांगते. हे जॅकेट पायापासून सुरू व्हावे लागते. लादीवरून सुरू केलेले जॅकेट फक्त कॉलमला जाड करते.

ज्या काँक्रीटमध्ये मीठ आहे तिथे ठिगळाची दुरुस्ती एक विचित्र खेळ खेळते. दुरुस्त केलेल्या भागातली सळई सुरक्षित होते, पण तिला लागून असलेल्या जुन्या, खारट भागातली सळई त्यामुळेच अधिक वेगाने गंजू लागते. पूर्वी शेजारचा भाग स्वतः गंजून तिला वाचवत होता, ते संरक्षण आता गेले. नव्या ठिगळाच्या कडेने दोन वर्षांत चीर दिसते ती अशी. यावर उपाय आहेत: क्लोराइडग्रस्त काँक्रीट निरोगी दिसत असले तरी पुढपर्यंत काढणे, किंवा ठिगळाच्या कडेला सळईला जस्ताचे अ‍ॅनोड बांधणे, म्हणजे पोलादाऐवजी जस्त झिजते. दोन्ही खर्चिक. ते परवडत नसेल तर सोसायटीने निदान एवढे समजून घ्यावे, की ही दुरुस्ती कायमची नाही, काही वर्षे विकत घेतली जात आहेत.

पाण्याचा बंदोबस्त दुरुस्तीच्या आधी व्हायला हवा. प्रत्यक्षात तो शेवटी, पैसे उरले तर होतो. संक स्लॅब उघडून जुना भराव काढणे, पाइप बदलणे, कोपऱ्यांना गोलसर वाटा मारून मगच लेप देणे, आणि फरशी बसवण्याआधी पाणी भरून दोन दिवस ठेवणे, यातले काहीच नवीन नाही. गच्चीवर पाण्याचा उतार आणि स्वच्छ तोंडाचे पाइप महागड्या लेपापेक्षा अधिक काम करतात. हंगाम ऑक्टोबर ते मे. एप्रिल-मेच्या उन्हात मॉर्टर झपाट्याने वाळते, त्यामुळे गोणपाट ओले ठेवण्याचे काम तेव्हा दुप्पट लागते. आणि ते पाणी विहिरीचे मचूळ असून चालत नाही.

वाड्यांतल्या बैठ्या घरांचा प्रश्न आकाराने लहान आहे. तिथे भार कॉलमवर नसून भिंतींवर असतो. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती वर चढत जाते. अशा घरावर स्लॅब आणि त्यावर आणखी मजला चढवण्याआधी पाया उघडून पाहावा.

दुरुस्तीचा ठेका फुटावर किंवा वापरलेल्या गोण्यांवर दिला जातो. फोडल्यावरच खरे नुकसान दिसत असल्याने अंदाजपत्रक वाढते, आणि इथेच भांडणे होतात. झाकण्याआधी प्रत्येक जागेचे मोजमाप अभियंत्याच्या सहीने नोंदवले तर ती बरीच टळतात. पैशांचा पाया आदर्श उपविधींनी घालून दिला आहे: सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड. पण खर्च मूळ बांधकामाचा धरला जातो. दोन लाखांत बांधलेल्या घराचा सिंकिंग फंड वर्षाला पाचशे रुपये, म्हणजे पस्तीस वर्षांत व्याजाशिवाय साडेसतरा हजार. त्यात एका कॉलमचे जॅकेट होणेही कठीण.

मीठ सर्वत्र आहे आणि कोअरची ताकद पडलेली आहे, अशा इमारतीत दुरुस्तीचा हट्ट धरू नये. पुनर्विकासासाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालील ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. त्यापेक्षा जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नसणे हा मोठा अडथळा ठरतो. अनधिकृत इमारतींना तर ही वाटही सरळ नाही. विरार पूर्वेच्या विजयनगरमधली रमाबाई अपार्टमेंट ही २०१२ च्या सुमारास बांधलेली अनधिकृत इमारत ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तीस वर्षांची अट तिला लागूच झाली नव्हती. वयावर बेतलेली तपासणी अशा बांधकामांपर्यंत पोहोचत नाही. तिथे मालाचा दर्जा आणि आराखडा पहिल्या दिवसापासून तपासण्याजोगा असतो.

तिसऱ्या पिढीच्या टॉवरांत रेतीची जागा बहुतांशी क्रश सँडने घेतली आहे आणि माल प्लांटमधून येतो, त्यामुळे मिठाचा वारसा कमी आहे. त्यांच्या रहिवाशांकडे आणखी एक साधन आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत संरचनेतला दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर तो त्याने ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. पहिल्या पाच वर्षांतल्या प्रत्येक पावसाळ्यात गळतीच्या आणि चिरांच्या जागांची फोटोंसह नोंद ठेवून लेखी तक्रार मुदतीत दिली, तरच हे कलम उपयोगी पडते.